मास्तरांच्या मागं राहायचं होतं

आमच्या गटात सगळ्यात शेवटी गाडी चालवायचं काम माझ्याकडं होतं. वकीलअण्णांनी ते मला दिलं तेव्हा मान दिल्यासारखंच दिलं होतं. "अक्का, तुमचा हात पक्का आहे. मागं पक्काच माणूस पाहिजे," ते म्हणाले. कुणाची गाडी बंद पडली, कुणी घसरलं, कुणाची बॅग सुटून पडली, तर शेवटच्यानं थांबायचं. त्याच्या मागं कुणीच नसतं, म्हणून त्यानं कुणाला मागं टाकून यायचं नाही. एवढा एकच नियम होता. तो मी मोडला. ही हकीकत मी तुकड्यातुकड्यांनी पुष्कळांना सांगितली आहे, सलग कधी कुणाला सांगितलेली नाही.

मी धारवाडची. गावाबाहेर बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. तळहाताएवढे लोखंडी भाग पट्ट्यावरून येतात. एकेक उचलायचा, मापाला लावायचा, बसला तर उजव्या खोक्यात, नाही बसला तर डाव्या. आठ तास, उभ्यानं. सोळा वर्षं हेच करतेय. अंग एका जागी आणि आत सारखी चुळबूळ. बुटातल्या बुटात पायाचे अंगठे हलवत राहायची सवय लागलीय मला. घरी आले तरी बसवत नाही. जेवताना दोनदा उठते, टीव्हीसमोर कपड्यांच्या घड्या घालते, त्याच मोडून परत घालते. मुलगी बेळगावला हॉस्टेलवर गेल्यापासून हे फारच वाढलं. माझे यजमान कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात, शांत माणूस. एकदा वैतागून म्हणाले, "तू घरात असलीस की मला स्टेशनवर बसल्यासारखं वाटतं."

त्याच वर्षी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मी साडेतीनशे सीसीची एक जुनी मोटरसायकल घेतली. यजमानांनी विरोध केला नाही. "पडलीस तर फोन कर," एवढंच म्हणाले.

रायापूरला हमरस्त्याकडेला एक चहाचा गाडा आहे. हुबळीवाल्यांना आणि धारवाडवाल्यांना सारखाच लांब, म्हणून रविवारी सकाळी आमचे लोक तिथं जमायचे. वकीलअण्णांचं ऑफिस हुबळीत कोप्पीकर रोडवर. सहल असली की ते कोर्टात दाखल करावा तसा टाइप केलेला कागद आणायचे: किती वाजता कुठं, पेट्रोल कुठं, जेवण कुठं. त्यांच्या मागच्या सीटवर वहिनी, मांडीवर डब्यांची पिशवी. मग मिस्त्री. हुबळीत त्याचं गॅरेज आहे, वय तिशीचं, कानडी बोलता बोलता मराठीत शिरायचा आणि मराठी बोलता बोलता परत कानडीत. मी होते. आणि मास्तर होते.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. चौसष्ट वर्षांचे. जन्मभर सायकल चालवली आणि रिटायर झाल्यावर गिअरची गाडी शिकले. हेल्मेटखाली पांढरा सुती रुमाल बांधायचे, शर्ट पँटमध्ये खोचलेला, पायात पॉलिश केलेले काळे बूट. चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचे नाहीत. माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठे, पण मला अक्का म्हणायचे, कारण सगळेच म्हणायचे.

दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही समुद्राकडं निघालो. यल्लापूरवरून अरबैल घाट उतरून अंकोला, मुक्काम गोकर्णात. दुसऱ्या दिवशी तदडीला होडीत गाड्या घालून अघनाशिनी नदी ओलांडायची, आणि पलीकडं डोंगरातून, कड्याकड्यानं, कुमट्यापर्यंत जायचं. हमरस्ता सोडून. वकीलअण्णांच्या कागदावर त्या भागासाठी फक्त "कच्चा रस्ता" असं लिहिलं होतं, वेळ लिहिली नव्हती. तेवढी एकच रिकामी जागा बघून मला किती आनंद झाला होता!

पण माझ्या पुढं मास्तर होते. कलघटगी मागं पडेपर्यंत मी स्वतःला समजावलं. यल्लापूरच्या जंगलात समजावणं संपलं. पुढं रिकामा रस्ता, दोन्ही बाजूंना सागवान, आणि मी तिसऱ्या गिअरमध्ये रडतखडत. घाटात तर प्रत्येक वळणाआधी त्यांचा लाल दिवा लागायचा. वळण दिसलं की लाल, वळणात लाल, वळण संपलं तरी लाल. माझा डावा हात क्लच दाबून दाबून दुखायला लागला. मध्येच ते हात वर करून थांबायचे. काय झालं म्हणून मी घाईनं गाडी लावून जावं, तर ते कठड्यापाशी उभे राहून खालच्या झाडांकडं बघत असायचे. "अक्का, हिरव्याचे किती प्रकार आहेत बघा की," म्हणायचे. मी बघायची. मला एकच हिरवा दिसायचा.

घाट उतरल्यावर चहाला थांबलो, तेव्हा ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "माझ्या मागं तुम्हाला त्रास होतो."

"छे हो, मास्तर."

"होतो. आरशात दिसतं मला. तुमचं पुढचं चाक सारखं डावीउजवीकडं करत असतं." ते हसले. "शाळेत काही पोरं अशीच असायची. चित्र संपायच्या आधी कागद फाडून हातात द्यायची."

मी काहीतरी बोलून विषय बदलला. पण ते मनात राहिलं, आणि खरं सांगायचं तर रागच आला. आपल्याला कुणी इतकं नीट बघितलेलं मला आवडत नाही.

गोकर्णात संध्याकाळी सगळे वाळूत बसले. मी किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा गेले आणि आले. वहिनी म्हणाल्या, "अगं, बस की जरा. समुद्र काय पळून जातोय?" मी बसले आणि वाळूत बोटानं रेघोट्या ओढत राहिले. उद्याचा कच्चा रस्ता डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

सकाळी तदडीला फळीवरून गाड्या होडीत चढवल्या. मिस्त्रीनं सगळ्यांच्या गाड्या स्वतः चढवल्या, मास्तरांची सगळ्यात शेवटी. नदीच्या मुखाशी पाणी उथळ होतं. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून बायका तळातून शिंपल्या वेचत होत्या आणि मागं तरंगणाऱ्या भांड्यात टाकत होत्या. मास्तर त्या दिशेला तोंड करून, गाडीचं हँडल घट्ट धरून उभे होते. पलीकडं उतरलो तेव्हा नऊ वाजले असतील.

गाव संपलं आणि चढ सुरू झाला. जांभ्या दगडातून कापलेली वाट, चाकाखाली सुटे खडे, दोन्ही बाजूंना काजूची झाडं. चढ संपल्यावर एकदम पठार. वर काहीच नाही. काळपट तांबडा कातळ, पिवळं वाळलेलं गवत, आणि उजव्या हाताला खाली, खूप खाली, समुद्र. वाटा चार ठिकाणी फुटलेल्या. त्यासाठी आमची ठरलेली पद्धत अशी: फाटा आला की प्रत्येकानं मागच्याचा दिवा दिसेपर्यंत थांबायचं, दिवा दिसला की योग्य वाटेला लागायचं. म्हणजे मागच्याला पुढचा कुठं वळला ते दिसतं. सगळ्यात पुढं वकीलअण्णा, मग मिस्त्री, मग मास्तर, मग मी.

पठारावर पंधरा मिनिटं झाली असतील. मास्तर परत थांबले. कड्याच्या बाजूला गाडी लावली, उतरले, आणि समुद्राकडं तोंड करून उभे राहिले. मी दहा-बारा हातांवर थांबले. इंजिन चालूच ठेवलं. वारा इतका होता की गाडी धरून ठेवावी लागत होती. मिस्त्री पुढं कधीच दिसेनासा झाला होता. समोर ती वाट, कुणीही नसलेली, पठारभर वळणं घेत गेलेली. मी एक मिनिट वाट बघितली. मग दोन. मी थ्रॉटल पिळला, सोडला, परत पिळला.

"मास्तर," मी ओरडले, "मी पुढं होते! तुम्ही सरळ या!"

त्यांनी हात वर केला. मी गिअर टाकला.

त्यानंतरची दहा मिनिटं मी विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला, कारण ती माझ्या आयुष्यातल्या फार चांगल्या मिनिटांपैकी आहेत. खडे उडत होते, मागचं चाक घसरून परत सावरत होतं, मी फूटरेस्टवर उभी राहून चालवत होते. कारखाना नाही, खोकी नाहीत, कपड्यांच्या घड्या नाहीत. मी मोठ्यानं हसत होते. हेल्मेटात माझंच हसणं माझ्या कानांवर आदळत होतं.

पठाराच्या टोकाला फाटा आला. तिथं मिस्त्री थांबलेला होता. लांबून त्याला माझा दिवा दिसला आणि तो डाव्या वाटेला लागून निघून गेला. मी फाट्यावर पोचले. आता पद्धतीप्रमाणं मास्तरांचा दिवा दिसेपर्यंत मी थांबायला पाहिजे होतं. मी थांबले. पाय टेकून, इंजिन चालू ठेवून. मागं बघितलं, कुणी नव्हतं. कितीसा वेळ थांबले असेन? एखादं मिनिट. डावी वाट उतरत, काजूच्या बागांतून, एक छोटा पूल ओलांडून जात असलेली दिसत होती. फार सुंदर उतार होता. येतील की, सरळच तर आहे, असं मनाशी म्हणाले आणि सुटले. वाट तिथं सरळ नव्हतीच. उजवीकडचीच जास्त रुळलेली होती.

डांबरी रस्त्याला लागलं की एक टपरी होती. वकीलअण्णांनी सोडा फोडलेला, वहिनी डब्यातले लाडू काढत होत्या. मी हेल्मेट काढलं.

"मास्तर?" मिस्त्रीनं विचारलं.

"येतायत की मागून."

"मी दिवा बघून निघालो, तो मास्तरांचा नव्हता?"

सगळे माझ्याकडं बघत होते. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. एका वाक्यात झालं असतं. पण वकीलअण्णांनी दिलेला तो मान, आणि माझा पक्का हात, आणि चेहऱ्यावर अजून तसंच असलेलं हसू. "होता ना," मी म्हणाले, "मी आत्ता त्या पुलाजवळ त्यांना मागं टाकलं. थांबले होते झाडं बघत."

सगळे हसले. मास्तर म्हटल्यावर ते पटण्यासारखंच होतं.

पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. फोन लागत नव्हता. वकीलअण्णा उठले, "चला, बघू या." आम्ही पुलापर्यंत परत गेलो. मास्तर नाहीत, गाडी नाही, रस्त्यावर घसरल्याची खूण नाही. वकीलअण्णा बागेतल्या दोन घरांत विचारून आले. मिस्त्री म्हणाला, पुलाला कठडा नाही, तोल जाऊन खाली गेले असतील तर? आणि तो ओढ्यात उतरला. खाली करवंदीच्या जाळ्या. त्या हातानं बाजूला सारत तो हाका मारत होता, "मास्तर! ओ मास्तर!" त्याची पँट फाटली, कोपरातून रक्त आलं. वहिनी पुलावर उभ्या राहून पुन्हा पुन्हा तोच नंबर फिरवत होत्या. मीही हाका मारल्या. जिथं मास्तर नाहीत हे फक्त मला माहीत होतं, तिथं मी मोठमोठ्यानं हाका मारत होते.

असा जवळजवळ एक तास गेला.

मिस्त्री ओढ्याच्या वरच्या अंगाला निघाला, तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. "वर ये," मी ओरडले. "ते तिथं नाहीत."

तो थांबला. वकीलअण्णाही वळले.

"मी त्यांना इथं नाही सोडलं," मी म्हणाले. "पठारावर सोडलं. कड्याजवळ. ते थांबले होते आणि मी निघून आले. फाट्यावरही थांबले नाही."

मग वहिनी म्हणाल्या, "म्हणजे इतका वेळ...?" आणि कानाचा फोन खाली घेतला.

मिस्त्री काट्यांतून वर आला. त्यानं हातावरचं रक्त पँटला पुसलं. "मोदलऽ हेळबेकित्तल्ल, अक्का," तो म्हणाला. आधीच सांगायचं होतं. एवढंच, तेही हळू आवाजात. वकीलअण्णांनी माझ्याकडं बघितलंही नाही. खिशातून तो टाइप केलेला कागद काढला, घडी उलगडली, परत घातली आणि म्हणाले, "फाट्यापर्यंत चला."

फाट्यावर मिस्त्री खाली बसून धूळ बघायला लागला. उजव्या वाटेवर टेम्पोच्या चाकांच्या खुणा होत्या, आणि त्यांच्यावरून गेलेली एक बारीक, ताजी खूण. मास्तरांच्या गाडीचे टायर त्यानंच महिन्यापूर्वी बदलले होते. "हेच," तो म्हणाला.

उजवी वाट कड्यावरून समुद्राकडं उतरत होती. इतकी उभी, की मलासुद्धा जपून उतरावं लागलं. एका वळणावर मास्तरांची गाडी दिसली. कुणीतरी उभी करून दगडाला टेकवून ठेवलेली, एका बाजूचं हँडल वाकलेलं, आरसा फुटलेला. मास्तर नव्हते. मी गाडी तिथंच टाकली आणि पळत सुटले. खाली खाडीच्या कोपऱ्यात तीन-चार घरं होती, माडांखाली जाळी पसरलेली. पहिल्याच घराच्या ओसरीवर मास्तर भिंतीला टेकून बसले होते. उजवा पाय समोर, जुन्या चादरीच्या पट्ट्यांनी आणि दोन काठ्यांनी बांधलेला. हातात पाण्याचा तांब्या.

"आलात?" ते म्हणाले.

मी त्यांच्या पायाशी बसले. घरातून एक बाई आली, माझ्याच वयाची, मागं तिची सासू. कोकणी आणि कानडी मिसळून तिनं सगळं सांगितलं. गवताचा भारा घेऊन ती वरून येत होती. वाटेत हॉर्नचा आवाज ऐकू येत होता, थांबून थांबून. मग बंद झाला. वळणावर येऊन बघते तर हे अप्पा गाडीखाली. पाय गाडीखाली आणि पोटरी सायलेन्सरला चिकटलेली. भारा टाकून ती खाली पळाली, सासूला घेऊन आली, दोघींनी मिळून गाडी उचलली. नवरा होडीवर गेलेला, इथं फोनला रेंज नाही, वर जाऊन सांगावं तर पठारावर माणूस नाही. "ते सारखं म्हणत होते, माझी माणसं मागंच आहेत, येतील आता," ती म्हणाली.

मी मास्तरांकडं बघितलं. "मी तुम्हाला सांगितलं होतं, मास्तर. मी पुढं जाते म्हणून. तुम्ही हात केलात."

"केव्हा?"

"वर. तुम्ही समुद्र बघत होतात."

ते थोडा वेळ आठवत राहिले. "खाली खडकावर एक मोठा पक्षी बसला होता," ते म्हणाले. "तो तुम्हाला दाखवत होतो. वाऱ्यात तुमचं काही ऐकू नाही आलं." मग म्हणाले, "वळून बघितलं तर तुम्ही नव्हता. वाटलं, मला दमवायचं नाही म्हणून जरा मागं राहिल्यात."

मागं. माझ्याबद्दल त्यांना एवढाच अंदाज बांधता आला होता.

त्या घरच्या दोघींनी दार काढून दिलं, खरंखुरं बिजागऱ्यांतून, आणि त्यावर झोपवून आम्ही मास्तरांना वरपर्यंत नेलं. मिस्त्री पुढं, मी मागं, मध्ये वकीलअण्णा आणि ती बाई. वाटेवर चौघांनाही धाप लागली होती. फाट्याजवळ मासळीचा टेम्पो मिळाला. कुमट्याच्या दवाखान्यात एक्सरे काढला. घोट्याजवळ दोन हाडं मोडली होती, पोटरी हाताच्या पंजाएवढी भाजली होती. डॉक्टर म्हणाले, तास-दीड तास आधी आणलं असतं तर सूज इतकी चढली नसती. त्यांनी ते सहज म्हटलं. वकीलअण्णा खिडकीबाहेर बघत राहिले.

संध्याकाळी मास्तरांना भाड्याच्या गाडीतून धारवाडला आणायचं ठरलं. वहिनी त्यांच्याबरोबर बसल्या. निघताना वकीलअण्णा मला म्हणाले, "तुम्ही मध्ये राहा. मी शेवटी येतो." रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. फार सभ्यपणे म्हणाले. पूर्ण घाटात त्यांचा दिवा माझ्या आरशात होता.

मास्तरांच्या बायकोला वहिनींनी फोनवर एवढंच सांगितलं होतं की वाट चुकले आणि पडले. मास्तर स्वतःही सगळ्यांना हेच सांगत होते. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर मी त्यांच्या घरी गेले आणि मास्तर झोपलेत हे बघून स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोला सगळं सांगितलं. खोटं बोलले तेही. त्या भाजी चिरत होत्या. ऐकताना हात थांबला नाही. सांगून झाल्यावर त्यांनी विळी आडवी केली.

"यांना उचलून बाथरूमपर्यंत न्यायला मला होत नाही," त्या म्हणाल्या. "मुलगा बेंगळूरहून चार दिवसांसाठी आलाय. तो गेल्यावर तुम्ही येत जा."

"रोज?"

"रोजच जावं लागतं की," त्या म्हणाल्या.

मी सात आठवडे गेले. सकाळची पाळी सुटली की बेलूरहून थेट तिथं. त्यांना उठवायचं, खांद्यावर हात घेऊन न्यायचं, परत आणायचं, पोटरीची पट्टी बदलायची. मग त्या देवळात किंवा बाजारात जायच्या आणि मी बसायची. बसायचं म्हणजे बसायचंच. घरात दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, त्यांनी सगळं करून ठेवलेलं असायचं. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, मी वेडी होईन. पंख्याचा आवाज, मास्तरांचा श्वास, बाहेर फुलवाली ओरडत गेलेली. मी बुटात नव्हते, अनवाणी पायाचे अंगठे हलताना दिसायचे. मास्तर ते बघायचे आणि काही म्हणायचे नाहीत. ते माझ्याशी नीट बोलायचे, चहा झाला का विचारायचे, पेपरातलं वाचून दाखवायचे. तो नीटपणा मला सहन होत नव्हता.

पाचव्या आठवड्यात, त्याच मासळीच्या टेम्पोतून नंतर कुमट्याला आणून ठेवलेली त्यांची गाडी आणायला मिस्त्री आणि मी गेलो. मिस्त्रीनं तिथं हँडल सरळ केलं. माझी गाडी धारवाडलाच होती, मी मास्तरांचीच चालवत आणली. तिला चाळीसच्या वर न्यायचं माझ्या मनात आलं नाही, असं म्हणायला आवडलं असतं. आलं. यल्लापूरच्या पुढं दोनदा नेली. मग परत खाली आणली.

गाडी अंगणात लावून आत गेले. मास्तरांनी विचारलं, "कशी चालली?"

"डावीकडं ओढते थोडी."

"विकून टाकू म्हणतो मुलगा."

"तुम्ही काय म्हणता?"

ते खिडकीतून गाडीकडं बघत होते. मग म्हणाले, "अक्का, मला तुमचा राग आला होता."

मी हातातली त्यांच्या गाडीची चावी टेबलावर ठेवली.

"गाडीखाली होतो तेव्हा नाही. तेव्हा वाटत होतं, येतील. तुम्ही पुलाजवळचं खोटं बोललात हे वहिनींनी गाडीत सांगितलं, तेव्हा आला. मी तिथं हॉर्न वाजवत होतो आणि तुम्ही लोकांना ओढ्यात शोधायला लावलं." ते सरळ होऊन बसले. "चाळीस वर्षं मी शाळेत होतो. पोरं खोटं बोलतात, मला माहीत आहे. पण तुम्ही पोर नाही."

"हो," मी म्हणाले.

"अजून आहे राग. तुम्ही रोज येता, पाय उचलता, पट्टी बांधता, म्हणून मी बोलत नव्हतो. पण आहे."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्या खुर्चीत स्वस्थ बसवलं. रडू आलं, ते मी पुसलं नाही. त्यांनीही बघितलं आणि तोंड फिरवलं नाही. त्यांच्या बायको आतून आल्या, आम्हा दोघांकडं बघितलं, आणि चहा ठेवायला परत आत गेल्या.

गाडी त्यांनी विकली. मिस्त्रीनंच गिऱ्हाईक आणलं, कलघटगीचा एक दूधवाला. मास्तर आता काठी घेऊन चालतात, उजवा पाय किंचित ओढतात. पावसाळ्यात दुखतो म्हणतात. महिन्यातून एकदा-दोनदा मी जाते, बोलावलं नसताना. कधी गप्पा होतात, कधी होत नाहीत. ते पूर्वीसारखे हसत नाहीत माझ्याशी, आणि मला ते ठीक वाटतं.

रविवारी रायापूरला मी पहिले काही महिने गेले नाही. मग एकदा वहिनींचा फोन आला, "डबा जास्त झालाय, ये." गेले. वकीलअण्णांनी चहा सांगितला. पुढची सहल ठरत होती, दांडेलीकडची. कागद टाइप होऊन आला, त्यात मी मध्ये होते, मिस्त्रीच्या मागं. मी कागदाची घडी करून खिशात घातली.

परवा दांडेलीच्या वाटेवर मिस्त्री एका ठिकाणी थांबला, चेन बघायला. मी त्याच्या मागं पाय टेकून थांबले. हात थ्रॉटलवर होता, पाय बुटात हलत होते, समोर रस्ता अगदी मोकळा होता. तो चेनला तेल घालत होता आणि कानडीत गुणगुणत होता. मला पुढं जायची इतकी ओढ लागली होती की दात दुखत होते. मी इंजिन बंद केलं, चावी काढून खिशात घातली आणि खाली उतरून त्याला म्हणाले, "दे, तेलाची बाटली मी धरते."